रक्तातील ‘ध’ चा ‘मा’



वैद्यक आणि जीवशास्त्र यांतील अलीकडच्या संशोधनावर बोलावे, अशी आज्ञा व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला केली. विषय इतका विस्तीर्ण की, तासाभरात तो सांगू जाणे म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून सारी तीर्थे दाखविणे होय. यात्रेकरू हात जोडतो, गाडी पुढे जाते, आणि दर्शन कशाचेच होत नाही. म्हणून आम्ही एकच रोग निवडला आहे. त्याचा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर संशोधन कसे चालते, ते कोठवर पोचते, आणि मुख्य म्हणजे ते कोठे अडते, हे तिन्ही प्रश्न उलगडतात.

तिसऱ्या प्रश्नाला आम्ही ‘मुख्य’ म्हटले ते उगाच नव्हे. अमुक रोगावर रामबाण उपाय सापडला, अशी बातमी वर्तमानपत्रांत वरचेवर येते. वाचक ती वाचतो, घरातल्या आजारी माणसाकडे पाहतो आणि विचारतो, “मग तो उपाय आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात का नाही?” पुष्कळ जाणती माणसे या प्रश्नाला हसतात. आम्हांला तो हसण्यासारखा वाटत नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न समजावा.

रोगाचे नाव सिकलसेल. विदर्भात हे नाव खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या बाजूला, आणि सातपुड्याच्या कुशीतल्या नंदुरबारकडे, हा रोग पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी वाटोळी आणि लवचीक असते. केसाहून बारीक रक्तवाहिनीतून ती अंग चोरून सहज निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात मात्र प्राणवायू देऊन झाला की हीच पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांतच मोडते. पेशी मोडतात म्हणून पंडुरोग, आणि अडकतात म्हणून वेदना. थंडी, ताप, अतिश्रम, पाणी कमी पिणे, असे काहीही निमित्त पुरते, आणि हाडे आतून कोणी पिळीत आहे अशा कळा सुरू होतात. बाहेरून सूज ना जखम. त्यामुळे शाळेत न जाणारे पोर आळशी ठरते आणि शेतावर न जाणारी सून कामचुकार ठरते. रोगाचे दुःख एक, आणि त्यावर हे दुसरे.

वैद्यकाच्या ग्रंथांत या रोगाची पहिली नोंद १९१० साली झाली. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांच्याकडे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेला एक तरुण उपचार घेत होता. त्याच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. हेरिक यांनी दिसले ते लिहून ठेवले. कारण त्यांना सांगता आले नाही. ते सांगण्यास पुढे जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी निरोगी व रोगी रक्तातील हिमोग्लोबिन विजेच्या प्रभावाखाली सरकविले, तेव्हा दोन्हींच्या चालीत फरक आढळला. दोष पेशीच्या आकारात नसून तिच्या पोटातील हिमोग्लोबिनच्या रेणूत होता. एखादा रोग रेणूचा असू शकतो, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती.

पण रेणूत नेमके काय बिघडले? हे शोधले केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी. हिटलरच्या जर्मनीतून लहानपणी इंग्लंडात आश्रयाला आलेला हा माणूस. हिमोग्लोबिनचा रेणू अॅमिनो आम्लांच्या माळांचा बनलेला असतो. रेणूचे दोन भाग सारखे, आणि प्रत्येक भागात सुमारे तीनशे मणी. इन्ग्रॅम यांनी पाचकरसाच्या साहाय्याने माळांचे तुकडे केले. टिपकागदावर ते एका दिशेने विजेने व दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरविले आणि मग रंग चढविला. कागदावर तीसएक ठिपके उमटले. निरोगी रक्ताचा कागद आणि रोगी रक्ताचा कागद शेजारी शेजारी ठेवले, तो सारे ठिपके जागच्या जागी, आणि एक, फक्त एक, सरकलेला! १९५७ पर्यंत त्यांनी त्या ठिपक्याचा पुरता उलगडा केला. तीनशेंपैकी एक मणी बदलला होता. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले होते, एवढाच काय तो फरक. डीएनएच्या लिपीत पाहिले तर हा फेर एका अक्षराचा आहे.

एका अक्षराचा फेर म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा कोणी ‘मा’ केला आणि धरावयाचा माणूस मारला गेला, अशी आख्यायिका आहे. इतिहाससंशोधक तिच्याविषयी काय म्हणावयाचे ते म्हणोत. रक्ताच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी आहे.

येथे एक शंका सहज येईल. इतकी घातक चूक वंशपरंपरेने टिकली कशी? याचे उत्तर १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दिले. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत ही चूक असेल तर रोग होतो. एकाच प्रतीत असेल तर तो माणूस केवळ वाहक. एरवी तो तुमच्या-आमच्यासारखा धडधाकट असतो. उलट घातक हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. म्हणजे हिवतापाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना ही चूक काही अंशी तारक ठरली. आफ्रिका, अरबस्तान आणि भारत यांतील हिवतापाच्या पट्ट्यांत ती आढळते ती यामुळेच. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत तिची नोंद झाली. तेव्हा या रोगाला कोणाच्या कुळाचा, जातीचा वा वागणुकीचा कलंक मानणे हे शास्त्राला धरून नाही. ती हिवतापाशी झालेल्या जुन्या झुंजीची खूण आहे.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. १९५७ साली चूक अक्षरापर्यंत कळली. मग रुग्णाच्या पदरात काय पडले? तर पुढली कित्येक वर्षे जवळजवळ काहीच नाही. शास्त्राच्या इतिहासातील हे एक विलक्षण अंतर आहे. याला दोन कारणे दिसतात. एक शास्त्रीय. चूक कळणे निराळे आणि हाडांच्या मगजातील पेशींत शिरून ती दुरुस्त करणे निराळे. तशी साधनेच हाती नव्हती. दुसरे कारण सामाजिक. अमेरिकेत हा रोग मुख्यतः कृष्णवर्णीय लोकांचा, आमच्याकडे बहुतांशी आदिवासींचा आणि दलितांचा. ज्यांचा आवाज राजधानीत पोचत नाही, त्यांच्या रोगाला प्रयोगशाळेत कीर्ती मिळते, पण दवाखान्यात जागा मिळण्यास वेळ लागतो. अमेरिकेत या रोगासाठी स्वतंत्र कायदा झाला तो १९७२ साली.

रुग्णाचे आयुष्य वाढविणारे पहिले मोठे पाऊल आले ते १९८६ साली, आणि ते अगदी साधे होते. सिकलसेलच्या बालकांची प्लीहा लवकर निकामी होते, आणि काही जंतूंपुढे ती असहाय ठरतात. अमेरिकेत २१५ लहान मुलांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना रोज पेनिसिलिन दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य. पेनिसिलिन घेणाऱ्यांत गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका उघड होता की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. पेनिसिलिन तेव्हा नवे नव्हते. ते वापरात येऊन चाळीस वर्षे लोटली होती. नवे होते ते एवढेच की कोणी तरी या मुलांवर ते नीट पारखून पाहिले.

दुसरे पाऊल १९९५ चे. जन्मापूर्वी आपल्या शरीरात निराळे हिमोग्लोबिन असते. त्याच्या घडणीत बिघडलेल्या माळेचा संबंधच नसतो, म्हणून या रोगाची बालके पहिले काही महिने बरी राहतात. ब्रुकलिनच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी हे १९४८ सालीच हेरले होते. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही पुन्हा वाढते आणि वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असे १९९५ मध्ये सिद्ध झाले. हे औषध गोळीच्या रूपात घेता येते, आणि ते फारसे महागही नाही.

आता ज्याच्याविषयी वर्तमानपत्रे भरभरून लिहितात त्या शोधाकडे वळू. जंतूंवरही विषाणूंचा हल्ला होतो. त्या शत्रूची खूण ध्यानात ठेवून त्याचा डीएनए कापण्याची एक युक्ती जंतूंपाशी असते. तिचे नाव क्रिस्पर. इमॅन्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ साली दाखविले की ही कात्री आपल्याला हव्या त्या ठिकाणी चालविता येते. २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण गंमत अशी की सिकलसेलवरील पहिल्या मान्यताप्राप्त क्रिस्पर उपचारात ती मूळ चूक दुरुस्त करीतच नाहीत! ‘मा’ चा ‘ध’ होत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद ठेवणारा एक पहारेकरी आपल्या पेशींत असतो. त्याचे काम २००८ साली बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. रुग्णाच्या मगजातील मूळ पेशी बाहेर काढावयाच्या, क्रिस्परने रक्तपेशींपुरते या पहारेकऱ्याला गप्प बसवावयाचे, आणि पेशी परत घालावयाच्या. बिघडलेली आवृत्ती तशीच राहते; कपाटातली जुनी, निर्दोष आवृत्ती पुन्हा वाचनात येते. २०१९ मध्ये अमेरिकेत चार मुलांच्या एका आईवर हा उपचार झाला, आणि लहानपणापासूनचे तिचे वेदनांचे झटके थांबले. पुढे ज्या ३१ रुग्णांची पुरेशा काळपर्यंत पाहणी झाली, त्यांपैकी २९ जण सलग वर्षभर तीव्र झटक्यापासून मुक्त राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने या उपचारास मान्यता दिली.

टाळ्या वाजवाव्यात असाच हा पराक्रम आहे. पण त्याची किंमत ऐका. अमेरिकेत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांहून अधिक. शिवाय नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी जुना मगज तीव्र औषधांनी रिकामा करावा लागतो, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, आणि पुढे मूल होण्याची शक्यताही धोक्यात येऊ शकते. आपल्याकडे दिल्लीच्या जीनोमिक्स संस्थेतील शास्त्रज्ञांनी स्वदेशी आणि स्वस्त उपचाराचे काम हाती घेतले आहे. त्यांना यश येवो. पण तोवर धानोऱ्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलाने काय करावे?

त्याच्यासाठी जे हवे आहे ते अठरा कोटींचे नाही. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन वेळीच केलेली तपासणी, आणि दोष दिसलाच तर खात्रीची दुसरी चाचणी. लहानपणी पेनिसिलिन व लसी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अखंड मिळणारे हायड्रॉक्सीयुरिया. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, आणि शाळेत जवळ पाण्याची बाटली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हा त्याचा संकल्प आहे. तपासलेल्यांना कार्ड मिळते.

या कार्डाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. वधू आणि वर दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारात एक असतो. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात हिमोग्लोबिनचा कोणताच दोष नसेल, तर अपत्याला हा रोग होत नाही. लग्नाआधी हे जाणून घेणे शहाणपणाचे आहे. पण ‘वाहक’ हा शब्द कानी पडताच मुलीला नकार देणे हे अज्ञान आहे. अमेरिकेत १९७० च्या सुमारास हीच चूक घडली. काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, वाहक आणि रोगी यांत भेद राहिला नाही, आणि धडधाकट माणसांना नोकऱ्या व विमा नाकारण्यात आला. ज्ञान देण्याकरिता काढलेले कार्ड पत्रिकेतल्या मंगळासारखे वापरले गेले, तर हाही एक ‘ध’ चा ‘मा’ च होईल. आणि तो करणारे आपण असू.

तेव्हा “हा उपाय आमच्या दवाखान्यात का नाही?” या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. काही उपाय अजून प्रयोगशाळेतून निघालेले नाहीत, त्यांची वाट पाहिली पाहिजे. काही निघाले आहेत, पण किमतीच्या डोंगराआड आहेत, तो डोंगर शास्त्रज्ञांनी आणि सरकारने फोडला पाहिजे. आणि काही उपाय कधीचेच तालुक्याच्या वेशीपर्यंत येऊन उभे आहेत. त्यांना घरापर्यंत नेण्यास नोबेल पारितोषिक लागत नाही. तेथे आरोग्यसेविका लागते, कोणाच्या पोटदुखीला नाटक न म्हणणारा मास्तर लागतो, आणि शेजाऱ्याच्या मुलीचे कार्ड पाहून तोंड न फिरविणारे नागरिक लागतात.

इन्ग्रॅम यांनी दोन कागद शेजारी ठेवले आणि एक सरकलेला ठिपका पाहिला. आपल्याही पुढे दोन कागद आहेत. एकावर आपल्याला काय कळले आहे ते लिहिले आहे, दुसऱ्यावर रुग्णापर्यंत काय पोचले आहे ते. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत आणि फरक कोठे आहे तो हेरावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.