सल्ल्याआधी मोजणी

(धारूर येथील शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



वर्गावर कोणी येऊन बसले की आपल्या पोटात गोळा येतो. तपासणी म्हणजे शेरा आणि शेरा म्हणजे खुलासा, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. मी आज तपासणीविषयी बोलणार नाही. एका शिक्षकाने दुसऱ्याला अध्यापनात मदत करावयाची असेल, तर सल्ला देण्यापूर्वी वर्गात प्रत्यक्ष काय घडते त्याची नोंद कशी घ्यावी, एवढाच माझा विषय आहे.

बी.एड.ला आपण फ्लँडर्सची आंतरक्रिया पद्धत पाठ केली. दर तीन सेकंदांनी वर्गातील व्यवहार दहा प्रकारांत नोंदवावयाचा. सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, दहावा शांततेचा वा गोंधळाचा. वर्गात सुमारे दोन तृतीयांश वेळ बोलणे चालते आणि त्यातले दोन तृतीयांश शिक्षकाचे असते, हा त्यांचा निष्कर्ष. परीक्षेत गुण मिळाले आणि वही माळ्यावर गेली. माझा वर्ग याला अपवाद आहे, अशी माझी खात्री होती.

गेल्या वर्षी, जुलै महिन्यात, मी एका सहकाऱ्याला सातवीच्या माझ्या तासाला मागच्या बाकावर बसविले. दहा प्रकार सांभाळणे कठीण, म्हणून त्यांच्या हाती मुलांच्या बैठकीचा आराखडा दिला. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात उभी रेघ, त्याने उत्तर दिले तर तिच्यावर आडवी. दुसरे काही लिहायचे नाही. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ हे तर मुळीच नाही. असे तीन तास, तीन निरनिराळ्या दिवशी. शितावरून भाताची परीक्षा होते, पंगतीची होत नाही.

तिन्ही कागद समोर ठेवले तेव्हा मी गप्प झालो. पुढच्या दोन रांगांत रेघाच रेघा. मागचे अकरा चौकोन कोरे. त्यांतील बहुतेक मुले घरी उर्दू बोलणारी. मराठीत वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागतो. मी त्यांना लाजाळू म्हणत असे. खरे म्हणजे मी त्यांना विचारलेच नव्हते! चौथ्या दिवशी घड्याळ लावून पाहिले, तर प्रश्न विचारून मी जेमतेम एक सेकंद थांबत होतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात हेच दाखविले होते. शिक्षक तीन सेकंद थांबला की उत्तरे लांबतात, एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात.

हे कागद नसते तर सहकाऱ्यांनी मला रंगीत तक्ते वापरा म्हणून सांगितले असते, आणि मी ते आनंदाने केलेही असते.

2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात पायाभूत चाचण्या आल्या. त्यांतून मुलाला काय येते ते कळते. गुरुजी काय करतात ते कळत नाही. शिवाय आपल्याकडची एक गोष्ट विसरू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात आणि वर्ग बदलतो. म्हणून प्रत्येक नोंदीवर तारीख व हजेरी लिहावी, आणि तुलना दोन्ही वेळा हजर असलेल्या मुलांचीच करावी.

अध्यक्षसाहेब, आपणांस एक विनंती आहे. हे कागद ज्याचा वर्ग त्याच्याच कपाटात राहू द्यावेत. गोपनीय अहवालात त्यांतली एक रेघ जरी गेली, तरी दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांसाठी बसविलेला पाठ दिसेल, आणि मोजण्यासारखे काही उरणार नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा नोंद घेतली. त्या अकरांपैकी सात चौकोनांत रेघा आल्या. दोन मुले आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेली होती. उरलेल्या दोघांना मी पुढे तासातला पहिलाच प्रश्न विचारू लागलो, आणि मनात तीन अंक मोजू लागलो.