पिंजऱ्यातील अंडे



महोत्सवाच्या व्यासपीठावरून कोंबडीविषयी बोलावे, हे काहींना विनोदाचे वाटेल. दौलतगंजातील कित्येक घरांत अंडे उंबरठ्याच्या आत येत नाही, हेही आम्हांस ठाऊक आहे. तरीपण ज्या घरांत ते येते, ते कोठून येते याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. म्हणून हा विषय घेतला.

परसात हिंडणाऱ्या कोंबडीचे चित्र आता पाठ्यपुस्तकात उरले. शहरांत विकली जाणारी बहुतेक अंडी मोठ्या पोल्ट्री फार्मवरून येतात. तेथे तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगाच रांगा असतात आणि एका कोंबडीच्या वाट्यास परीक्षेच्या उत्तरपत्रिकेच्या एका पानाहूनही कमी जागा येते. तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, धुळीत लोळता येत नाही. अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधण्याची तिची उपजत धडपड तर रोजच व्यर्थ जाते. पायाखालची जाळी उतरती असते; अंडे घरंगळत पुढे जाते आणि ती तेथेच उभी राहते. सुमारे दीड वर्षाची झाली की तिची पाळी संपते.

हदीसमध्ये एका स्त्रीची हकीकत आहे. तिने मांजर कोंडले, त्यास खाऊ घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधण्यास सोडलेही नाही. ते मेले व ती शिक्षेस पात्र ठरली. फार्मवाल्यावर उपासमारीचा आरोप येत नाही, दाणापाणी वेळच्या वेळी असते. कोंडण्याचा मात्र येतो.

आणि हा केवळ धर्माचा प्रश्न नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत नेट धरला, त्यातून पुढे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. प्राण्यास पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे, हा त्याच्या ११ व्या कलमान्वये गुन्हा आहे. २०१७ साली विधी आयोगाने आपला २६९ वा अहवाल याच विषयावर दिला. युरोपीय संघाने जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले.

पण कायद्याआधी दुकानदार हलतो, असा अनुभव आहे. इंग्लंडातील शेफील्डच्या एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीने टेस्को या मोठ्या दुकानसाखळीकडे मागणी केली. लक्षावधी लोकांनी तिच्या अर्जावर सह्या केल्या आणि २०१६ च्या उन्हाळ्यात टेस्कोने पिंजऱ्यातील अंडी २०२५ पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. आमच्या वर्गातील मुलींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला की सह्या खऱ्या होत्या का!

आता अडचणीची बाजू. बिनपिंजऱ्याचे अंडे महाग पडते, कारण जागा व मजूर अधिक लागतात. आमच्याकडे असे विद्यार्थी येतात, की ज्यांच्या घरी अंडे हाच स्वस्तातला सकस आहार. अंगणवाडीत अंडे द्यावे की नाही, यावर २०१५ साली आपल्या राज्यात केवढा वाद झाला! त्या मुलांच्या ताटातले अंडे महाग करून आम्हांस पुण्य नको. म्हणून गल्लीतल्या हातगाडीवाल्याशी आमचे भांडण नाही. मागणी आहे ती नव्या वसाहतींतील मोठ्या, वातानुकूलित दुकानांकडे, जेथे गिऱ्हाईक महागडे बिस्किट भाव न विचारता उचलतो. त्यांनी कोंबड्या कशा ठेवल्या होत्या हे खोक्यावर स्पष्ट लिहावे आणि पिंजऱ्यातील अंडी कोणत्या तारखेपासून बंद करणार ते सांगावे. तपकिरी कवच पाहून कोणी फसू नये. तो रंग कोंबडीच्या जातीचा असतो, मोकळिकीचा नव्हे.

अर्जाचा मसुदा मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत केला असून तो दाराशी ठेवला आहे. ज्यांच्या घरी अंडे येत नाही त्यांनीही सही करण्यास हरकत नाही. मात्र ‘आम्ही आपले नित्याचे ग्राहक’ हे शब्द त्यांनी आधी खोडावे.