थकलेला माणूस फितूर नसतो



मी शिकलोय फक्त मॅट्रिकपर्यंत. दिवसा गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. भाषण मला येत नाही. जे अंगावरून गेलं तेवढंच बोलतो.

१ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला कोरोनाचा रोगी सापडला. तोवर टाळेबंदीनं आमच्या वस्तीतल्या चुली विझल्या होत्या. आम्ही आठ पोरं धान्य वाटायला उतरलो. बावीस दिवस धड झोप नाही. तेविसाव्या दिवशी माझं अंग तापलं. एक गोळी गिळली नि पुन्हा रांगेपुढं उभा राहिलो. मास्क होता. पण ओरडताना आवाज दबतो म्हणून हनुवटीवर ओढला. वाटलं, मी बसलो तर काम बसलं. केवढा माज हा!

रांगेत शेजारची म्हातारी होती. पिशवी घेताना म्हणाली, 'लेकरा, डोळं लाल झाल्यात तुझं. घरी जा की.' मी हसलो. पंधरा दिवसांनी ती गेली. ताप तिला माझ्याकडून लागला, का संडासाच्या रांगेत, कोण सांगणार? पाठीवरची गोण कुठंतरी उतरवता येते. ही उतरत नाही.

कुणी म्हणेल, सावित्रीमाई नाही का प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या? गेल्या. पण त्यांच्या हाती प्लेगवर खात्रीचं औषध नव्हतं. माझ्या हनुवटीवर मास्क होता. त्यांच्या मरणाचा दाखला देऊन माझा निष्काळजीपणा झाकू नका.

आणि हेही ओळखा, की आपण मरेस्तोवर राबावं हे व्यवस्थेला सोयीचंच असतं. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या. ३ मे ला रुग्णालयांवर हेलिकॉप्टरातून फुलं पडली. फुलांनी हातमोजे होत नाहीत. दारोदार फिरलेल्या आशाताईंना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संप करावा लागला. गटार, कचरा, प्रेतं ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यांना 'योद्धा' म्हटलं की पगारी रजा द्यावी लागत नाही!

गोदीत आम्ही जड नग एकट्यानं उचलत नाही. टोळी असते. एकाचा खांदा गेला की दुसरा खाली घुसतो. त्याला कुणी भेकड म्हणत नाही.

तसंच करू. पाळ्या लावू. ताप आला की घरी. प्रेत उचलून आलेल्या पोराला त्या रात्री एकटं सोडायचं नाही. रडला तर रडू द्यायचं. मास्क, मोजे, रजा, मजुरी भीक म्हणून नाही, हक्क म्हणून मागायची.

पुढची साथ येईल तेव्हा कुणीतरी तुम्हाला म्हणेल, घरी जा. मलाही एकीनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुम्ही ऐका.