मोटार चालविण्याच्या परीक्षेचा दिवस



आपल्या बीड जिल्ह्यात गाडी चालवता येणाऱ्या माणसांची वानवा नाही. ट्रॅक्टर दारात आला की घरातला पोरगा मिसरूड फुटण्याच्या आतच त्याच्यावर चढतो. मोटारसायकल तर कोण कधी शिकला, हे त्याचे त्यालाही आठवत नाही. पण गाडी चालवता येणे वेगळे आणि तिची परीक्षा देता येणे वेगळे. दहा वर्षे शेतात ट्रॅक्टर हाकलेला गडी नापास होतो आणि महिनाभर शिकलेली मुलगी पास होते, असे घडते. मग पारावर चर्चा रंगते, की साहेबांनी मुद्दाम पाडले. पुष्कळदा तसे काही नसते. त्या दिवशी काय पाहिले जाते, हेच आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

आधी तारखांचे बघू, कारण इथेच आपल्याकडची मंडळी फसतात. शिकाऊ लायसन मिळाल्यावर तीस दिवस होईपर्यंत पक्क्या लायसनची परीक्षा देता येत नाही, आणि शिकाऊ लायसन चालते सहा महिने. म्हणजे हातात उरतात पाच महिने. आता बघा, ऊसतोडीला जाणारा माणूस दसऱ्याच्या सुमारास शिकाऊ लायसन काढतो आणि टोळीबरोबर कारखान्याला जातो. हंगाम आटोपून तो गावी परततो तेव्हा पाडवा आलेला असतो आणि लायसनची मुदत संपत आलेली असते, किंवा संपलेली असते. पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे. त्यापेक्षा गावी परतल्यावर लगेच शिकाऊ लायसन काढावे, उन्हाळ्यात सराव करावा आणि पुढच्या दसऱ्याच्या आत परीक्षा उरकून घ्यावी. अर्ज आता सारथी या सरकारी संकेतस्थळावरून होतो आणि परीक्षेचा दिवसही तिथेच ठरतो. ज्याला ते जमत नाही, त्याने गावातल्या शिकल्या-सवरलेल्या मुलाला किंवा गुरुजींना सोबत घेऊन बसावे. त्यासाठी दलाल गाठण्याचे कारण नाही. शाळा शिकलेली नाही म्हणून मागे राहण्याचेही कारण नाही. मालवाहू व प्रवासी गाड्यांच्या लायसनला पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली काढून टाकली आहे.

जिल्ह्यात कार्यालये दोन. बीडच्या गाड्यांचा क्रमांक एमएच २३ ने सुरू होतो, अंबाजोगाईच्या गाड्यांचा एमएच ४४ ने. आपला तालुका कोणाकडे येतो, ते आधी पाहून निघावे.

परीक्षेला गाडी आपण न्यायची असते. घरची न्या, नाही तर मोटार शाळेची. मात्र ज्या प्रकारचे लायसन हवे, त्याच प्रकारची गाडी हवी. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन पाहिजे आणि नेली बिनगिअरची स्कूटर, हे चालत नाही. गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र मुदतीत असावे. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावावे. पाटी १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, असा नियम आहे. खडूने काचेवर ओढलेली रेघ म्हणजे 'एल' नव्हे. मोटार घेऊन जाताना शेजारी पक्के लायसन असलेला माणूस बसलेला पाहिजे. दुचाकीवाल्याने हेल्मेट घालूनच मैदानात पाऊल टाकावे. मूळ कागद, शिकाऊ लायसन आणि परीक्षेच्या वेळेची पावती एका पिशवीत ठेवा. वय चाळिशीच्या पुढे असेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्रही लागते.

आता खुद्द परीक्षा. मोटार वाहन निरीक्षक नाव पुकारतात, कागद पाहतात आणि म्हणतात, 'हं, घ्या गाडी.' इथेच माणूस घाबरतो, चावी फिरवतो आणि गाडी उडी मारून बंद पडते. बंद पडली म्हणून आकाश कोसळत नाही. गिअर काढा, दम घ्या, पुन्हा सुरू करा. निरीक्षकांची नजर मात्र त्याआधीच कामाला लागलेली असते. बसल्याबरोबर आसन जुळवले का, पट्टा बांधला का, आणि मुख्य म्हणजे आरशाला हात लावला का? आपल्याकडच्या ट्रॅक्टरला एक तर आरसा नसतो, आणि असला तर तो भांग पाडण्याच्या उपयोगाचा. त्यामुळे मागे बघण्याची सवयच नसते. नियमांत मात्र आरशाचा उल्लेख वारंवार येतो. निघताना, हात दाखवण्याआधी, वळताना, थांबताना, आधी आरसा. मान किंचित हलवून आरशात पाहिले, तर ते निरीक्षकांनाही दिसते.

दुचाकीला बहुतेक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळण घ्यायला लावतात. पाय जमिनीला टेकवायचा नाही. लोक पुढच्या चाकाकडे बघतात आणि तिथेच तोल जातो. जिकडे जायचे तिकडे बघावे. गाडी लहान गिअरमध्ये, वेग अगदी सावकाश, लागलाच तर मागचा ब्रेक हलकेच. वळणात पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते.

चारचाकीत दोन गोष्टी माणसाला रडवतात, चढ आणि रिव्हर्स. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात पुढची गाडी थांबली आणि आपल्याला चढावर उभे राहावे लागले, तर काय होते आठवा. क्लीनर उडी मारून चाकाखाली दगड लावतो. परीक्षेत दगड नाही. हातब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच इतका सोडायचा की इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते. मग थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन हातब्रेक सोडायचा. गाडी मागे सरकता कामा नये. आपल्या जुन्या जीपांचे हातब्रेक नावापुरतेच असतात. अशी गाडी परीक्षेला नेण्याआधी गॅरेज दाखवा.

रिव्हर्समध्ये ट्रॅक्टरवाल्यांची अडचण खासच असते. ट्रॉली मागे घेताना तिला डावीकडे न्यायचे, तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. हाताला तीच सवय जडते. मोटारीचे उलट आहे. स्टिअरिंग जिकडे फिरवाल, तिकडेच तिची पाठ जाते. वर्षानुवर्षे ट्रॉल्या लावलेला कसबी माणूस म्हणूनच मोटार रिव्हर्स घेताना खांबाला टेकतो. चार दिवस मोकळ्या रानात दोन पाट्या ठेवून त्यांच्या मधून मागे येण्याचा सराव केला, की हात बदलतो. मागे येताना घाई नको, आणि मान वळवून मागे बघा.

तोंडी प्रश्नही विचारतात. तांबड्या कडेचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी, तांबड्या कडेचे वर्तुळ म्हणजे मनाई, एवढे ध्यानात ठेवले तरी बरीच चिन्हे उलगडतात. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, तेव्हा फाटकाचे चिन्हही आता ओळखायलाच हवे. अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या, तर आधी कोण? चढणारा. उतरणाऱ्याने थांबायचे. आपल्याकडे ज्याची गाडी मोठी तो आधी जातो, पण उत्तर देताना तसे सांगू नका.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे मोटार शाळेत फेरशिक्षणही घ्यावे लागते. नापास झाल्यावर निरीक्षकांना नम्रपणे विचारावे, 'साहेब, चूक कुठे झाली?' बाई असल्या तर 'मॅडम' म्हणावे. विचारण्यात कमीपणा काही नाही.

ऊस वाहणारे विचारतात, ट्रॅक्टरला वेगळे लायसन लागते का? ज्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साडेसात हजार किलोंच्या आत आहे, तो कायद्याने हलके वाहन ठरतो. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. पण मुळात लायसनच नसेल, तर दंड पाच हजार, आणि अपघात झाला तर विम्याचे भांडण वेगळेच. ट्रॉलीखाली कोणी सापडले आणि चालवणाऱ्याकडे लायसन नाही असे निघाले, तर विमा कंपनी भरपाईचा पैसा गाडीमालकाकडून वसूल करण्याची मागणी करते. त्यात जमिनी विकायची वेळ येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सांगायचे आहे. आठवी-नववीची मुले मोटारसायकलवर तिघे बसून शाळेत येतात, हे आपण रोज पाहता. अठरा वर्षे पुरी होण्याआधी गिअरची गाडी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळते ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे लायसन. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. पालकसभेत हे एवढे वाचून दाखवावे.

पास झाल्यावर लायसन टपालाने घरी येते. म्हणून अर्जात पत्ता लिहिताना गाव, पोस्ट आणि पिनकोड नीट लिहा. वस्तीवर राहणाऱ्यांनी पोस्टमनला आधी सांगून ठेवावे. पाकीट आले की नाव, जन्मतारीख आणि गाडीचा प्रकार तिथेच उभे राहून तपासा, आणि चूक असेल तर लगेच कार्यालयाला कळवा.