डब्यातला अननस आणि एक राहिलेली माफी

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला अननसाच्या पदार्थांवर बोलायला सांगितलं, तेव्हा घरात सगळे हसले. कारण अननसाने माझी एकदा चांगलीच फजिती केली आहे. ती आधी सांगते, मग पाककृती.

आपण कतारगामात राहतो. इथल्या पापडीवाचून सुरतेचं उंधियू होत नाही, आणि तीही सकाळी तोडलेली, कोवळी हवी. अशा गावात डबा फोडून स्वयंपाक करणं म्हणजे आळशीपणा, असं मीही मानत होते. म्हणून एका वर्षी मंडळाच्या जेवणासाठी चाळीस माणसांचं अननस श्रीखंड करायचं ठरलं, तेव्हा मी बाजारातून ताजी, पिकलेली फळं आणली. आमच्या गल्लीतल्या डेरीतून दही घेतलं, चक्का बांधला, रात्री अननस बारीक चिरून मिसळला आणि पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण काढलं, तर श्रीखंडाला पाणी सुटलेलं आणि चव कडू! सासूबाई म्हणाल्या, "अगं, दही मी चाखलं होतं, गोड होतं." पण मी ऐकते कुठली? तडक डेरीत गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर काकांना बोलले. त्यांनी वाद घातला नाही, मुकाट्याने पैसे परत केले. मी तेवढ्यावर थांबले नाही. बिल्डिंगमधल्या बायकांनाही सांगितलं, तिथलं दही घेऊ नका. दोघी-तिघींनी खरंच बंद केलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुलगी विज्ञान शाखेला गेली. एक दिवस म्हणाली, "आई, तुझं श्रीखंड दह्याने नाही, अननसाने बिघडलं होतं." ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं. दूध, दही, चक्का यांतली प्रथिनं तुटली की पाणी सुटतं आणि कडवटपणा येतो. अननस खाताना जीभ चुरचुरते, त्यातही त्याचा हात असतो. थंडीने ते मरत नाही, म्हणून फ्रीजचा उपयोग नाही. उष्णतेने मात्र निकामी होतं. डबाबंद करताना अननस तापवलेला असतो, म्हणून डब्यातला अननस दह्याला काही करत नाही.

मला पटेना. मग आम्ही दोन वाट्यांत तेच दही घेतलं. एकीत ताजा अननस, दुसरीत डब्यातला. सकाळी पहिली वाटी पाणीदार आणि कडू, दुसरी गोड. त्या वाट्यांकडे बघताना मला डेरीवाले काका आठवले.

आता कामाच्या गोष्टी. नियम साधा आहे. श्रीखंड, फ्रूट क्रीम, रायतं यांत डब्यातलाच अननस घालावा, किंवा ताज्या फोडी थोड्या साखरेत चांगल्या उकळून, गार करून घ्याव्यात. जिलेटिनची जेली ताज्या अननसाने कधीच धरणार नाही. चायना ग्रासची धरते, कारण ते प्रथिन नाही. श्रीखंडात घालताना डब्यातल्या फोडी चाळणीवर निथळून कपड्याने टिपून घ्या.

शिऱ्याला मात्र दोन्ही चालतात, कारण तो शिजतोच. एक वाटी रवा पाऊण वाटी तुपावर खमंग भाजा. दीड वाटी पाणी आणि अर्धी वाटी डब्यातला पाक उकळून त्यात घाला. मग एक वाटी फोडी आणि पाऊण वाटी साखर. पाक गोड असतो, म्हणून साखर कमी. दूध घालू नका. एन्झाइम गेलं तरी आंबटपणा राहतो आणि गरम दूध फाटू शकतं.

केकसाठी डब्यातल्या चकत्या सोयीच्या, सगळ्या एकसारख्या. 1925 साली हवाईतल्या एका अननस कंपनीने पाककृती स्पर्धा घेतली, तेव्हा उलट्या केकच्याच कृती ढिगाने आल्या होत्या. आपल्या शेजाऱ्यांसाठी बिनअंड्याचा करा. भांड्याच्या तळाला लोणी, साखर आणि चकत्या. वर 140 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 60 ग्रॅम वितळलेलं लोणी, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि लागेल तसा पाक घालून केलेलं मिश्रण. 180 अंशांवर साधारण 35 मिनिटं. थोडा निवला की ताटात उलटा.

डबा घेताना लेबलवर निथळलेलं वजन बघा, खरा अननस तेवढाच. फुगलेला डबा फेकून द्या. उघडलेला अननस डब्यात ठेवू नका, काचेच्या बरणीत काढून दोन-तीन दिवसांत संपवा.

कोणी विचारतं, डब्यातलं नैवेद्याला चालतं का? अहो, अननसच मुळी पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेला. त्याला आपण देवापुढे जागा दिलीच ना?

शेवटी राहिलेलं सांगते. त्या प्रयोगानंतर मी अननसाचा शिरा केला आणि डबा घेऊन डेरीत गेले. काका थकले होते, गल्ल्यावर मुलगा बसला होता. मी सगळं सांगितलं, त्या वेळचे पैसे पुढे केले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "भूल तो बधानी थाय, बेन." मग मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्या बायकांकडे गेले. एक तर तोवर वेसूला राहायला गेली होती, तिला फोन केला. हे काम शिऱ्यापेक्षा जड गेलं.

म्हणून म्हणते, पदार्थ बिघडला तर आधी कारण शोधा, मग माणूस.