विणकामाची देवाणघेवाण
(कळमेश्वर येथे प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



कार्यानुभवावर चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला करण्यात आली होती. विषय मोठा आहे आणि आपला वेळ थोडा आहे. म्हणून मी त्यातील एकच बाब घेतो. ती म्हणजे लोकरीचे आणि क्रोशाचे विणकाम. तेही कसे विणावे हे नव्हे, तर ज्याला विणता येते त्याने ते दुसऱ्यास कसे द्यावे, हे. विणावयाचे कसे हे मला मुळीच ठाऊक नाही असे नाही. अध्यापक विद्यालयात असताना मी चार सुयांवर मोजे विणले आहेत आणि ते पायांत घातलेही आहेत. परंतु माझ्याहून पुष्कळ चांगले विणणाऱ्या भगिनी येथे बसलेल्या आहेत, हे मघाशी चहाच्या वेळी त्या टेबलावर मांडलेल्या वस्तूंवरून कोणाच्याही ध्यानात यावे.

त्या टेबलाकडे पुन्हा एकदा पाहा. बाळाची टोपरी आहेत, पायमोजे आहेत, दाराचे तोरण आहे, पूजेच्या ताटावर घालावयाचे थालपोस आहे, एक बिनबाह्यांचा स्वेटर आहे. आपण सर्वांनी त्यांचे कौतुक केले आणि पुढे गेलो. तोरणाच्या एका कमानीत साखळ्या किती, हे कोणी विचारले नाही. आणि विणणाऱ्या बाईंनीही ते आपण होऊन सांगितले नाही. ह्यात त्यांचा दोष नाही. आपली रीतच तशी आहे. लग्नात रुखवत मांडतात, त्यात मुलीच्या आणि तिच्या माहेरच्या बायकांच्या हातचे उत्तमोत्तम काम असते. परंतु रुखवत हे पाहण्यासाठी असते. त्यातून हात कळतो, हाताची रीत कळत नाही. दोन दिवसांनी ते ट्रंकेत जाते.

ह्याच तालुक्यातील एका गावी एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्या हातचे मोरांचे तोरण नातीच्या रुखवतात मांडलेले होते. पाच मोर, प्रत्येकाचा पिसारा उघडलेला. आजींना लिहिता येत नव्हते. नमुना बोटांत होता. त्या गेल्यानंतर तेथील शाळेच्या बाईंना ते तोरण पुन्हा करावेसे वाटले, तेव्हा त्यांनी नातीकडून ते मागून आणले, खिडकीपाशी धरले आणि भिंगातून एकेक खांब मोजावयास आरंभ केला. चार मोर जमले. पाचवा, मधला, दोन्ही बाजूंना सारखा कसा वळविला होता, ते अखेरपर्यंत उमगले नाही. उसवून पाहावे तर मूळ वस्तू नष्ट होणार. आजी हयात असताना एखाद्या सुट्टीच्या दुपारी चौथीतील एक मुलगी वही घेऊन त्यांच्याजवळ बसती, तर पाचवा मोरही आज वहीत असता. आपल्या प्रत्येकाच्या गावात अशी एक आजी, एखादी काकू अजून आहे. मला जे म्हणावयाचे आहे ते एवढ्यासाठीच.

आता नमुना द्यावयाचा म्हणजे काय द्यावयाचे, ते पाहू. पहिली अडचण शब्दांची. परदेशी पुस्तकांवरून क्रोशे शिकणाऱ्यांची ह्यात हमखास फसगत होते, कारण ज्या टाक्यास इंग्लंडात ‘डबल क्रोशे’ म्हणतात त्यालाच अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, आणि अमेरिकेचा ‘डबल’ तो इंग्लंडचा ‘ट्रेबल’. पुस्तक कोणत्या देशाचे हे न पाहता विणावयास घेतले, तर थालपोसाचे माप पार बदलते. आपली मराठी येथे अधिक निःसंदिग्ध आहे. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, हे शब्द आपल्या घरांत रूढ आहेत. सुईवर आधी वेढा न घेता घातलेला तो मुका खांब, आणि एक वेढा घेऊन घातलेला तो खांब. तेव्हा नमुना लिहिताना हेच शब्द वापरावेत, आणि ज्या शब्दाविषयी शंका असेल तो टाका कसा घातला हे एका वाक्यात लिहून ठेवावे. सुलटावर उलट आणि उलटावर सुलट घालीत गेले असता जी दाणेदार वीण उठते, तिला कोणी साबुदाणा म्हणेल, कोणी आणखी काही म्हणेल. नाव निराळे असले तरी कृती लिहिलेली असली म्हणजे भागते.

सुयांच्या नंबरांचेही असेच आहे. जुन्या इंग्रजी नंबरांत आकडा जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकी नंबरांत आकड्याबरोबर सुई जाड होते. इंग्रजी आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाडीची, अमेरिकी आठ नंबरची पाच मिलिमीटरची. म्हणून नंबर लिहू नका, मिलिमीटर लिहा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हात. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. एका बाईंच्या विणीत दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके बसतात, दुसरीच्या विणीत त्याच लोकरीवर आणि त्याच सुयांवर वीसच बसतात. पहिलीने साठ सेंटिमीटर छातीच्या मुलासाठी १३२ टाके घातले आणि ‘१३२ घाला’ एवढेच मैत्रिणीस सांगितले, तर मैत्रिणीचा स्वेटर सहासष्ट सेंटिमीटरचा होईल, आणि मुलगा त्यात पोहेल! दोष कोणाचाही नसतो. म्हणून नमुन्याबरोबर दहा सेंटिमीटरचा एक चौकोन विणून द्यावा आणि त्यात टाके किती, ओळी किती, हे लिहावे. घेणारीने आधी आपला चौकोन विणावा, मग त्रैराशिक मांडावे. गुरुजनहो, हे त्रैराशिक फळ्यावर मांडावयाचे आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना आगगाडी आणि हौद ह्यांच्या उदाहरणांपेक्षा ते लवकर समजते, कारण उत्तर चुकले तर ते अंगात घालून पाहता येते.

गणिताचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबतो. मुक्या खांबाने सपाट वर्तुळ विणावयाचे असेल, तर पहिल्या फेरीत सहा, दुसरीत बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस, असे जावे लागते. प्रत्येक फेरीत सहा वाढतात. सहाचा पाढा थालपोसात लिहिलेला असतो. वाढ कमी केली की कडा वर उचलली जाऊन टोपी होते. वाढ जास्त केली की कडेला झालर पडते. ह्या झालरीकडे आपण चूक म्हणून पाहतो. परंतु अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना तैमिन्या ह्यांनी १९९७ साली नेमकी अशीच झालर क्रोशाने विणून एका वक्र भूमितीची आकृती विद्यार्थ्यांच्या हाती दिली. ती भूमिती कागदावर दाखविणे तज्ज्ञांनाही अवघड जात होते. वेलबुट्टीचेही गणित आहे. एक वेल चार टाक्यांची, दुसरी सहांची असेल, तर १३२ टाक्यांत दोन्ही नेमक्या बसतात आणि १३० मध्ये एकही बसत नाही. लसावि शिकविण्यास ह्याहून चांगले निमित्त मला ठाऊक नाही.

काही गुरुजींच्या चेहऱ्यावर मला असे दिसते आहे की, हा सर्व बायकांचा विषय आहे. फिनलंडमध्ये १८६६ पासून लोकशाळांत हस्तोद्योग मुलगे आणि मुली दोघांनाही सक्तीचा करण्यात आला. जर्मनीत श्टुटगार्ट येथे १९१९ साली सुरू झालेल्या वाल्डॉर्फ शाळेत मुलगे आणि मुली बरोबरच विणकाम शिकू लागले. आणि इतके दूर तरी कशास जावे? येथून वर्धा किती लांब आहे? १९३७ च्या ऑक्टोबरात तेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना देशापुढे आली. पुढे कित्येक वर्षे आपल्या शाळांतील मुलग्यांनी टकळीवर सूत काढले. तेव्हा कोणी त्यांस हसले नाही. सूत काढणे पुरुषास शोभते आणि तेच सूत सुईवर घेणे शोभत नाही, ह्यात कोणता न्याय आहे?

जाता जाता कापसाविषयीही सांगतो. हा कापसाचा मुलूख आहे. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ च्या पहिल्या जानेवारीस सुरू केली ती ह्या कापसाच्या जोरावर. ती मिल आता राहिली नाही. परंतु तान्ह्या बाळासाठी विणावयाचे तर आजही सुती दोराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात लोकर म्हणून जे स्वस्तात मिळते ते बहुधा ॲक्रिलिक असते. ते मेंढीच्या अंगावरचे नसते. चुलीजवळ ठिणगी पडली तर ते वितळून कातडीस चिकटते. हातमोज्यांच्या आत दोऱ्याची टोके सुटी ठेवू नयेत, बाळाच्या बोटाभोवती ती आवळली जातात. अशा गोष्टी नमुन्याच्या पुस्तकात क्वचितच सापडतात. एकीने दुसरीस सांगाव्या लागतात.

आता थोडी नाजूक गोष्ट. माझ्या कानी असे आले आहे की, काही भगिनी आपले काम मुद्दाम दाखवीत नाहीत. दुसरी ते उचलते आणि आपले म्हणून मिरविते, असा अनुभव त्यांना आलेला आहे. हे दुःख खोटे नाही. त्यावर उपाय नमुना लपविणे हा नसून, नमुन्याखाली नाव लिहिणे हा आहे. कोणाकडून शिकलो, आपण त्यात काय बदलले, हे दोन ओळींत लिहावे. आजीचे नाव असेल तर आजीचे लिहावे. छापील पुस्तकावरून घेतला असेल तर पुस्तकाचे नाव लिहावे, आणि अख्खे पुस्तक उतरवून वाटू नये. ज्याने ते लिहिले त्याचेही पोट असते.

आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या नरसापूरचे उदाहरण ह्या बाबतीत विचार करावयास लावणारे आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली, आणि पुढे ती परदेशांत जाऊ लागली. मारिया मीस ह्या जर्मन विदुषीने त्या कारागीर स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून असे दिसते की, कामाची वाटणी झालेली होती. कोणी केवळ सुटे भाग विणी, कोणी केवळ ते जोडी. माल विकणारा व्यापारी निराळाच. घरी बसून दिवसाचे सहा-आठ तास काम करणाऱ्या ह्या स्त्रियांची गणना मात्र ‘घरकाम करणाऱ्या’ म्हणून होई, आणि मोबदला अत्यल्प मिळे. हजारो हातांना लेस येत होती, परंतु त्यांतील पुष्कळांना संपूर्ण वस्तू आणि तिचा बाजार ह्यांची ओळख नव्हती. आपल्या मुलींना फुलाबरोबर जोडही शिकवावा, आणि दोऱ्याची किंमत व लागलेले तास मांडावयासही शिकवावे.

ह्याच्या उलट एक उदाहरण चेन्नईचे आहे. तेथील ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ ह्या मंडळाने २०१६ च्या जानेवारीत जगातील सर्वांत मोठे क्रोशाचे पांघरूण सिद्ध केले. त्याचे क्षेत्रफळ अकरा हजार चौरस मीटरांहून अधिक होते. देशोदेशींच्या स्त्रियांनी घरोघरी चौकोन विणले आणि ते एकत्र जोडण्यात आले. विक्रमाचे मला फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते अशाचे की, एकमेकींना न पाहिलेल्या इतक्या बायकांचे चौकोन एकमेकांस जुळले. माप आधी ठरले आणि ते सर्वांना कळले, म्हणूनच हे होऊ शकले.

तेव्हा आपल्या केंद्रापुरते एक काम सुचवितो. पुढील शिक्षण परिषदेस येताना, ज्यांना विणता येते त्यांनी पूर्ण वस्तू आणण्याऐवजी दहा सेंटिमीटरचा एक चौकोन आणावा. सोबत पोस्टकार्डाएवढा कागद असावा. त्यावर दोरा कोणता, सुई किती मिलिमीटरची, टाके व ओळी किती, नमुना किती टाक्यांनी पुन्हा येतो, कोठे चुकण्याचा संभव आहे आणि कोणाकडून शिकलो, एवढे लिहावे. ज्यांना विणता येत नाही त्यांनी गावातील एका जाणत्या बाईंकडे मुलांना पाठवून त्यांचा एक नमुना लिहून आणावा. बाई सांगतील तसाच लिहावा, शुद्ध करू नये. त्या म्हणतील ‘दोन सोडून तिसऱ्यात’, तर तेच लिहावे. हे चौकोन एका जाड वहीत शिवून टाकू. वही दर महिन्यास एका शाळेकडे राहील, आणि ज्या शाळेने ती घेतली तिने त्यातील एक नमुना विणून पाहून, कागदावरील मजकूर बरोबर आहे की नाही, हे त्याखाली लिहावे. चुकीचा असेल तर ज्यांनी दिला त्यांस आधी विचारावे, मगच खोडावे.

पहिल्या महिन्यात ही वही मोहप्याकडे द्यावी असे केंद्रप्रमुखांशी बोलणे झाले आहे. टेबलावरचे तोरण ज्या बाईंचे आहे त्यांना माझी विनंती आहे की, जाण्यापूर्वी एका कमानीतील साखळ्यांची संख्या तेवढी फळ्यावर लिहून ठेवावी. मागच्या बाकावरील दोघी-तिघींनी ती विचारण्यासाठी मघापासून कागद काढून ठेवलेला मला येथून दिसतो आहे.