रोझमेरीचं दुखणं आणि आपली समीक्षा



चित्रपट-समीक्षकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आज मी मुख्यतः एका चित्रपटाविषयी बोलणार आहे. रोमन पोलान्स्कीचा ‘रोझमेरीज् बेबी’ जून १९६८मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. आयरा लेविनच्या आदल्याच वर्षीच्या कादंबरीवर तो बेतला होता. कॅथलिकांच्या चित्रपटविषयक संस्थेनं तो निषिद्ध ठरवला, समीक्षक रॉजर ईबर्टनं चार तारे दिले, आगाऊ शेजारीण रंगवणाऱ्या रूथ गॉर्डनला ऑस्कर मिळालं. गरोदर रोझमेरीच्या पोटातलं मूल सैतानाचं, अशी ही कथा; वाद झाला तो मुख्यतः त्या सैतानावरून. धर्माचा अपमान झाला का, आणि जे घडतं ते खरं की रोझमेरीच्या मनाचे खेळ?

पण रोझमेरीला कोंडतं कोण? तिच्या दाराला कुणी बाहेरून कुलूप लावलेलं नाही. शेजारी एक डॉक्टर सुचवतात, नवरा होकार देतो. डॉक्टर बजावतो, पुस्तकं वाचू नका, मैत्रिणींचं ऐकू नका. शेजारीण रोज पेला आणून देते आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही. रोझमेरी शुद्धीत नसताना आपण संबंध ठेवला, असं नवरा हसत सांगतो. अमेरिकेतल्या एकाही राज्यात तेव्हा तो गुन्हा नव्हता. पोटात महिनोन् महिने कळा येतात आणि ‘जाईल दोन दिवसांत’ हेच उत्तर मिळतं. घरच्या पार्टीत मैत्रिणी तिला स्वयंपाकघरात घेतात, नवऱ्याला बाहेर ठेवतात आणि सांगतात, असं दुखणं बरोबर नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे जा. साऱ्या चित्रपटात तिचं कुणी इतकं मनापासून ऐकतं, असे क्षण फार थोडे आहेत.

पुढे ती खरोखरच दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. तो शांतपणे ऐकतो, तिला झोपवतो आणि तिच्या नवऱ्याला बोलावून घेतो. माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात भीषण प्रसंग हाच, कारण या डॉक्टरचा सैतानाशी काहीच संबंध नाही. बाईपेक्षा तिच्या नवऱ्याचं आणि आधीच्या डॉक्टरचं ऐकायचं, एवढंच तो शिकला आहे.

चित्रपट-अभ्यासक ल्यूसी फिशर यांनी १९९२मध्ये याच चित्रपटावर लिहिताना गरोदरपण आणि बाळंतपणाची भीती अभ्यासाच्या मध्यभागी आणली. मधे चोवीस वर्षं गेली होती. आता दिग्दर्शकाविषयी. पोलान्स्कीनं १९७७मध्ये अल्पवयीन मुलीवरील लैंगिक गुन्ह्याची कबुली दिली आणि पुढच्या वर्षी तो अमेरिका सोडून पळाला, हेही चित्रपट शिकवताना सांगायलाच हवं. पण मिया फॅरोनं उभी केलेली रोझमेरी त्याच्या खात्यात जमा करून मिटवून टाकणं मला मान्य नाही.

गरोदर बाईवरचा असा भयपट आपल्या भाषेतही आहे: विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ २०१७मध्ये आला. उसाच्या फडातलं एकाकी घर, आठ महिन्यांची गरोदर नेहा आणि मायेनं देखभाल करणारी तुळसाबाई. पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी ते घर अंगावर आणलं. भुताच्या पडद्याआडून हा चित्रपट मुलींच्या हत्येविषयी बोलतो. हिंदीत त्याचाच ‘छोरी’ झाला. अशा चित्रपटाला ‘चांगला भयपट’ म्हणून मोकळं होणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तेव्हा तरुण समीक्षकांना माझी विनंती आहे. गरोदर बाईवरचा भयपट पाहाल, तेव्हा किती दचकलात एवढ्यावर थांबू नका. तिचा डॉक्टर कुणी निवडला आणि ‘दुखतंय’ म्हटल्यावर कोण ऐकतं, हे परीक्षणात लिहा. संपादकांनी त्यासाठी चार ओळी जास्त द्याव्यात.